तीन पुंकेसर दिसले नाहीत

पत्र

ताई, तुमचं सदर मी नेहमी वाचते, पण पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे. मी ५६ वर्षांची. वडोदऱ्यातच जन्मले, वाढले, आता दांडिया बाजारात सासरच्या जुन्या घरात असते. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं. पुढे बँकेत लागले, लग्न झालं आणि जर्नल-बिर्नल सगळं माळ्यावर गेलं.

लॉकडाउनमध्ये गच्चीतली सदाफुली समोर ठेवून पेन्सिलीनं काढून बघितली. ते जे लागलं ते सुटलंच नाही. आता जलरंगातली ११० च्या वर चित्रं झाली आहेत. पळस, शेवगा, बकुळ, गुळवेल, बहावा. कळलावी पावागडच्या वाटेवर भर पावसात काढली, हे छत्री धरून पाऊण तास उभे होते. वडाचं फळ कापून आतलं भिंगाखाली बघून काढायला तीन रविवार गेले. सगळी चित्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवली आहेत. यांच्याशिवाय कुणी पाहिलेली नाहीत.

म्हणजे दोनदा प्रयत्न केला. दिवाळीत भाचा आला होता, तो इथल्याच फाइन आर्ट्समध्ये शिकलेला. त्यानं चाळली आणि म्हणाला, "मामी, हात स्वच्छ आहे. पण हे पुस्तकातल्या आकृतीसारखं होतंय. फोटो काढला असता तरी चाललं असतं." मग एका कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला, ती बॉटनी शिकवायची. तिनं बघायच्या आधीच "अगंबाई, चित्रकार झालीस की!" म्हणून विषय बदलला. म्हणजे चित्रवाल्यांना ही आकृती आणि बॉटनीवाल्यांना ही चित्रकला. मी कुठली?

आणखी एक. कुणी जाणकारानं पाहिलं आणि चूक काढली तर? आणि चूक नाही काढली तरी या वयात चित्रं दाखवत फिरायचं म्हणजे मिरवल्यासारखंच ना? आमच्या घरात ते शिकवलेलं नाही. आत्मविश्वास कुठून आणू? सोबत एकाच चित्राचा, बहाव्याचा, फोटो पाठवते. माझं नाव छापू नका.

*बकुळ*

उत्तर

बकुळताई,

तुमचं पत्र आलं आणि मी उत्तर लिहायला बसलेच नाही. मोबाइल घेतला, नातवाचं भिंग घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथे दूधवाल्याच्या दुकानाशेजारी एक बहावा आहे. सध्या तो असा फुललाय की दुकानाची पाटी दिसत नाही. दूधवाल्या भाईंना सांगून आकड्यानं एक घोस खाली ओढून घेतला. ते म्हणाले, "बेन, गरमाळानी शींग जोईए छे?" पोट साफ होण्यासाठी शेंग न्यायला लोक येतात, त्यांना वाटलं मीही त्यातलीच. म्हटलं, नाही भाई, मोजायचं आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण आतून स्टूल आणून दिलं.

तर मोजलं. बहाव्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तीन लांब, खाली झुकून पुन्हा वर वळलेले, हत्तीनं सोंड उचलावी तसे. चार त्यांच्याहून आखूड आणि सरळ. आणि तीन अगदी चिमुकले, आत दडलेले, भिंग नसतं तर मला सापडलेच नसते. मग तुमचं चित्र मोबाइलवर मोठं करून एकेक ताडून बघितलं. तीन लांब पुंकेसरांचा बाक हुबेहूब आहे. चार मधले आहेत. घोस लोंबतो आहे आणि उमललेली फुलं वर, कळ्या खाली टोकाला, हेही बरोबर. (कॅलेंडरवरचे कितीतरी बहावे उलटे असतात, टोकाला फुलं आणि देठाशी कळ्या. एकदा लक्षात आलं की मग तेच डोळ्यांत खुपत राहतं.) पानाच्या शेवटी एकटी पर्णिका (संयुक्त पानातलं छोटं पान) नाही, जोडीच आहे, हेही तुम्ही पाळलंय. पाकळीवरच्या शिरा तर मी फुलावर नंतर पाहिल्या, आधी तुमच्या चित्रात पाहिल्या.

पण ते तीन चिमुकले पुंकेसर मला चित्रात दिसले नाहीत. ते मधल्या चारांच्या मागे लपलेत, की राहून गेलेत?

आता हे वाचताना तुम्ही काय केलं असेल याचा मी एक अंदाज बांधते. आधी पोटात गोळा आला असेल, सापडली चूक. आणि त्याच्या पुढच्या मिनिटाला तुम्ही ट्रंक ओढून मूळ चित्र बाहेर काढलं असेल आणि चष्मा लावून बघायला लागला असाल. तसं झालं असेल तर आत्मविश्वासाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच हातात आहे. कारण त्या मिनिटाला तुम्ही स्वतःकडे बघत नव्हता, बहाव्याकडे बघत होता.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला अडला. ‘चित्रं दाखवत फिरायचं’ असं तुम्ही लिहिता आणि लगेच मिरवण्याचा प्रश्न येतो. साहजिक आहे. कवितेत माणूस असतो, आत्मचरित्रात तर असतोच. पण तुमच्या कागदावर तुम्ही कुठे आहात? तिथे बहावा आहे. पांढऱ्या कागदावर, मागे ना डोंगर ना आभाळ, एक फांदी, एक घोस, एक उघडलेलं फूल, एक शेंग. आपण काढलेलं चित्र दाखवणं आणि आपल्याला दिसलेला बहावा दुसऱ्याला दाखवणं, या दोन गोष्टींत फरक आहे, आणि या कलेत तर फारच आहे. घरात मिरवायला शिकवलं नसेल. पण अंगणातलं झाड पाहुण्याला हात धरून दाखवायला आपल्या घरांत कुणी कुणाला शिकवावं लागलं नाही.

भाच्यावर रागावू नका. तो खोटं बोलला नाही. त्याला जे शिकवलंय त्यात चित्रकाराची नजर चित्रात दिसावी लागते. १९५० साली इथली फाइन आर्ट्स सुरू झाली तेव्हा इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले, आणि तेव्हापासून त्या आवारात शिकणारी पोरं एकमेकांना हाच प्रश्न विचारत आली असणार, की यात तू कुठे आहेस? त्याच मापानं त्यानं तुमचं चित्र मोजलं. तुमच्या कामाचं माप वेगळं. ‘पुस्तकातल्या आकृतीसारखं’ हे तुमच्याकडे दूषण म्हणून आलं, पण ज्याला झाड ओळखायचंय त्याच्या दृष्टीनं याहून मोठी शाबासकी नाही.

फोटोचं मात्र त्याला समजावून सांगा, कारण तिथे तो चुकलाय. फोटो एका क्षणाचा. मला खात्री आहे की तुमच्या पळसाच्या कागदावर कळी आहे, फूल आहे, एकुलती एक बी असलेली चपटी शेंगही आहे, आणि तीनही पानं असलेली डहाळी आहे. पळस फुलतो तेव्हा बहुधा निष्पर्ण असतो. म्हणजे फेब्रुवारी-मार्च आणि नंतरचे दोन-तीन महिने असे तुम्ही एका कागदावर बसवलेत. कुठला कॅमेरा ते करील? जहांगीर बादशहा काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या दरबारच्या उस्ताद मन्सूरनं शंभराहून जास्त फुलं काढली, असं बादशहानंच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. बरं, तेव्हा कॅमेरा नव्हता म्हणाल. पण आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरी नवी वनस्पती सापडली की तिच्या वर्णनासोबत अजूनही पुष्कळदा हातानं काढलेली रेखाकृती देतात. फोटोत पानाची सावली फुलावर पडते आणि नेमका हवा तो भाग अंधारात जातो. चित्रकार ती सावली बाजूला सारतो.

आता मैत्रिणीबद्दल. इथे मला थोडं स्वतःचं सांगावं लागेल, आणि ते काही फार भूषणावह नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक शिक्षिका राहायच्या. एकदा दुपारी त्या एक वही घेऊन आल्या. वहीत पानंच पानं, म्हणजे झाडांची. पिंपळाचं, आपट्याचं, कांचनाचं, भेंडीचं, पेन्सिलीनं काढलेली, शिरा न् शिरा. माझा कुकर गॅसवर होता. मी एकेक पान उलटत "वा, छान! हेही छान!" म्हणत वही दोन मिनिटांत संपवली आणि चहा विचारला. त्यांनी वही मिटली. चहा घेतला. पुढे आम्ही अकरा वर्षं शेजारी होतो, पण ती वही मला परत दिसली नाही. आपट्याचं आणि कांचनाचं पान त्यांनी समोरासमोर का काढलं होतं, हे मला फार नंतर एका दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं हातात पडली तेव्हा उमगलं. त्यांना तो फरक मला दाखवायचा होता. मी बघितलाच नाही.

‘छान’ हा शब्द असा आहे. त्यानं समोरच्याचं तोंड गोड होतं आणि बोलणं तिथेच संपतं. तुमची मैत्रीण वाईट नाही, तिनं माझ्यासारखंच केलं. फक्त तिला काय बघायचं हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि तिनं विचारलं नाही.

म्हणून पहिला प्रयोग तिच्यावरच करा. फोन करू नका. रविवारी संध्याकाळी तिच्या घरी जा, सोबत तीनच चित्रं न्या, तीसुद्धा अशी की जी काढताना तुम्ही अडला होता. आणि "कशी वाटली?" असं चुकूनही विचारू नका. त्या प्रश्नाला ‘छान’शिवाय उत्तरच नाही. विचारा, "या कळलावीच्या पानाचं टोक असं वळून आधार पकडतं, ते मला जमलंय का बघ. आणि हा केसरांचा कोन खरा वाटतो का?" जन्मभर बॉटनी शिकवलेली बाई आहे. चष्मा शोधायला उठेल. ती चष्मा शोधायला उठली की समजा काम झालं.

ती चुका काढील. काढू द्या. तुमच्या सगळ्या पत्रात मला एकच भीती निराधार वाटली नाही, ती हीच, जाणकार माणूस चूक काढील. काढणारच, त्यासाठीच तर तो जाणकार. पण या कामात चूक सापडणं म्हणजे तुमची परीक्षा घेतली आणि नापास केलं असं नसतं. जुन्या काळी वनस्पतिशास्त्रज्ञ आणि चित्रकार शेजारी शेजारी बसून काम करत आणि एक बोलणार, दुसरा खोडणार, हाच रिवाज होता. रॉबर्ट वाइट नावाचा एक स्कॉटिश सर्जन एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत वनस्पती गोळा करत होता. त्याच्याकडे रंगय्या आणि गोविंदू असे दोन तेलुगू चित्रकार होते. त्या वाइटनं ऑर्किडच्या एका प्रजातीला (इंग्रजीत जीनस) चक्क गोविंदूचं नाव दिलं. खोडरबर झिजवल्याशिवाय कुणी कुणाचं नाव फुलाला देत नसतं.

आपल्या विद्यापीठात फाइन आर्ट्सही आहे आणि बॉटनीचा विभागही, वाळवून चिकटवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासकट. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं तिथेच तुमची खुर्ची आहे. तुम्ही विचारता, मी कुठली? तुम्ही मधली. मधल्या माणसाला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं हे खरं, पण दोन्हीकडच्यांना एकमेकांचं झाड दाखवायला लागतोही मधलाच.

चित्रं कुठे दाखवू नयेत तेही सांगते. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरुवात करू नका. तिथे तुमच्या तीन रविवारांच्या वडाच्या फळाला आणि काकांच्या सुप्रभातच्या गुलाबाला सारखेच अंगठे मिळतील, आणि त्यांतला कुठला अंगठा खरा हे तुम्ही रात्रभर मोजत बसाल. ग्रुप नंतर. आधी एक माणूस, मग तीन माणसं, मग ज्यांना तुम्ही ओळखत नाही असं एखादं टोळकं.

त्या टोळक्यासाठी माझ्या डोक्यात एक दिवस आहे. वटपौर्णिमा.

बघा, आपल्या शहराचं नावच वडावरून आलंय. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी बायका त्या दिवशी नथ-बिथ घालून, फणस-आंबे घेऊन वडाखाली जमतात, सूत गुंडाळतात, फेऱ्या घालतात, आणि फेऱ्या झाल्या की पाऊण तास तिथेच सावलीत गप्पा मारतात. त्या सगळ्याजणी दरवर्षी ज्या झाडाला प्रदक्षिणा घालतात त्या झाडाचं फूल त्यांतल्या एकीनंही पाहिलेलं नसतं. वडाला फूल येत नाही, असंच बहुतेकींना वाटतं. आणि तुमच्याकडे त्या फुलांचं चित्र आहे! फळ म्हणून आपण जे तांबडं बोंड बघतो, पानाच्या बगलेत देठाशिवाय जोडीनं बसलेलं, त्याच्या आतच सगळी फुलं दडलेली असतात. तिळाएवढी एक माशी, खास वडासाठीच असलेली, बोंडाच्या तोंडावरच्या बारीक भोकातून आत शिरते आणि परागीभवन करते. ती नसेल तर बी नाही. तुम्ही ते बोंड उभं कापून, आतले केसर आणि ती दाटी भिंगाखाली मांडून काढलंत. तीन रविवार गेले म्हणता. मला तर तीनच गेले हेच नवल वाटलं.

मूळ चित्र नेऊ नका, कुंकवाचा हात लागेल. झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर एक रंगीत प्रत काढून घ्या, पूजेच्या ताटाखाली पिशवीत ठेवा. फेऱ्या झाल्या की शेजारच्या दोघींना दाखवा. सांगू नका की मी काढलंय. "वडाला फूल असतं का गं?" एवढंच विचारा. त्या ‘नसतं’ म्हणतील. मग कागद पुढे करा. खाली पडलेलं एखादं बोंड उचलून नखानं फोडायला लावा. चित्रातलं तिथे दिसतंय का, हे त्याच ताडून बघतील. मग कुणीतरी विचारेलच, हे काढलं कुणी? त्या वेळी मात्र खोटं बोलायचं नाही.

आणि मिरवण्याचं म्हणाल तर, नवरात्रात तुम्ही गरबा खेळता ना? वडोदऱ्यात राहून खेळत नाही म्हणालात तर मी विश्वास ठेवणार नाही. हजारोंच्या गोलात, दिव्यांच्या लखलखाटात, घेरदार चणिया घालून टाळी देताना कधी मनात आलं का, की आपण मिरवतोय? नाही येत, कारण तिथे बघणारे वेगळे आणि नाचणारे वेगळे असं नसतंच, सगळेच गोलात. पाय चुकला तर मागची पुढे सरकवते. तुमच्या चित्रांना असा गोल हवा. स्टेज नको.

दोन बायकांपासून पुढे काय, तर पेटी. तुम्हाला ठाऊक असेल, सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेटीत पुस्तकं घालून पेटीच पाठवायचे. गावानं वाचायची, परत करायची, पेटी पुढच्या गावाला. माझ्या आजोळी लोक त्या पेटीबद्दल बोलायचे. तर दहा चित्रांच्या चांगल्या प्रती एका फोल्डरमध्ये घाला, सोबत एक कोरी वही ठेवा आणि ते फोल्डर आठ दिवसांसाठी एकेका घरी पाठवा. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: ‘यातलं कुठलं झाड तुमच्या वाटेवर आहे? चित्रात आणि झाडात फरक दिसला तर लिहा.’ तुम्ही समोर बसलेल्या नसाल तर लोक सावकाश बघतात. कुणी शेवग्याशेजारी भाजीची कृती लिहील, ते सोडून द्या. कुणी गुळवेलीशेजारी लिहील की आमच्या कुंपणावरची अशी नाही. ते सोडू नका, जाऊन बघा.

प्रदर्शन-बिदर्शन मी मुद्दाम काढलं नाही. ते करायचं असेल तर त्या फोल्डरची दोन-तीन वर्षं फिरती झाल्यावर करा. तोवर भिंतीवर टांगण्यासारखी वीस चित्रं कुठली, हे त्या वहीनंच तुम्हाला सांगितलेलं असेल.

आता ट्रंक. इथे मी जरा आवाज चढवणार आहे. प्लास्टिकच्या पिशवीत जलरंगाचा कागद म्हणजे पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण. दमट हवा आत कोंडते, कागदावर तपकिरी ठिपके पडतात आणि मग ते जात नाहीत. पिशव्या आजच काढून टाका. कागद आडवे, सपाट ठेवा, मध्ये आम्लविरहित कागद घाला, बांधकामाच्या आराखड्यांसाठी असतात तसे उथळ खण मिळाले तर उत्तम. कसर लागली का, महिन्याला एकदा बघा. आणि पलंग तळमजल्यावर असेल तर ट्रंक वरच्या मजल्यावर हलवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कुठवर आलं होतं ते आपण दोघींनी पाहिलंय, पाण्यापाठोपाठ मगरीही आल्या होत्या. मगरीला तुमचा पळस कळणार नाही.

हे काम चालू असतानाच प्रत्येक चित्र चांगल्या दुकानात ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. छपाईसाठीही तेच उपयोगी पडेल. आणि जे मूळ चित्र चौकटीत लावाल ते खिडकीसमोर लावू नका. ॲलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग वापरला असेल तर तो उन्हानं उडतो, आणि पळसाच्या लालीत तुम्ही तो घातला असेल अशी मला शंका आहे.

एक गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण ती फोटोत बघून मला खटकली. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर त्याचे प्रमुख. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून तिथली झाडं काढून घेतली, सुमारे १७० चित्रं. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. पान, फूल, फळ सगळं ओळखता येतं, गिब्सनसाहेब कोण होते तेही सगळ्यांना माहीत आहे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या उन्हात बसून एकेक पुंकेसर मोजणारा तो माणूस कोण, हे आता कुणालाही सांगता यायचं नाही. त्याला नाव लिहायचा संकोच वाटला, की कुणी लिहू दिलं नाही, कोण जाणे.

तुमच्या बहाव्याच्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात काहीच नाही. मी फोटो दोनदा ताणून बघितला. बकुळ हे टोपणनाव या सदरापुरतं ठीक आहे, तुमचं खरं नाव मी छापलेलं नाही. पण चित्रावर टोपणनाव चालणार नाही. आधी झाडाचं शास्त्रीय नाव, मग बहावा, मग गुजरातीतलं गरमाळो, कारण शेंग हवी का विचारणाऱ्या दूधवाल्या भाईंनाही वाचता यायला हवं. मग कुठल्या गल्लीतलं झाड, कुठल्या तारखेला काढलं. फूल मोठं करून काढलं असेल तर किती पटीनं, तेही, एक छोटी पट्टी ओढून. आणि त्याच्या खाली बारीक पेन्सिलीनं तुमचं नाव आणि आडनाव.

ते लिहिण्याआधी मूळ चित्र भिंगाखाली धरून तेवढे तीन पुंकेसर बघून घ्या. लपलेले असतील तर मला कळवा, मी दूधवाल्या भाईंचं स्टूल परत मागते. राहिले असतील तर बहावा अजून पंधरा-वीस दिवस फुललेला आहे.